पाहुणे वळणाआड गेल्यावर

शालनमावशींच्या घरात एक नियम होता. पाहुण्यासमोर कण्हायचं नाही. सासूबाईंनी घालून दिलेल्या बाकीच्या सगळ्या नियमांना मावशींनी कधीच वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या, पण हा एक त्यांनी जन्मभर पाळला. स्वरूपाच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा पंगतीला बावीस मुलं बसली होती. मावशींनी त्यांना अख्खा मसूर वाढला, भाकऱ्या वाढल्या, वर ताक वाढलं. शेवटचा मुलगा हात धुऊन बाहेर पडला, आणि मग त्या नवऱ्याला, बाळगोंडाअण्णांना, म्हणाल्या, "चला आता दवाखान्यात." स्वरूपा पाऊण तासात जन्मली. अण्णा हा किस्सा पुढं कितीतरी वर्षं सांगायचे आणि मावशी दरवेळी "त्यात काय सांगण्यासारखं आहे" असं म्हणून आत निघून जायच्या.

ती पंगत मिरजेतल्या त्यांच्या खाणावळीतली. सदतीस वर्षं चालली ती खाणावळ. जेवायला सगळी मेडिकलची मुलं. कुणी नांदेडचा, कुणी लातूरची, कुणी थेट गडचिरोलीहून आलेला. पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला मावशी सांगायच्या, "उद्या येताना ताट घेऊन ये. नाव घालून आण." मग पोरं भांड्यांच्या दुकानात जाऊन स्टीलचं ताट घ्यायची, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घ्यायची. शिक्षण संपवून कायमचं गाव सोडताना ते ताट इथंच ठेवून जायचं. "परत आलास तर कशात जेवशील?" एवढंच मावशी म्हणायच्या. माळ्यावर ताटांच्या चळती लागल्या होत्या.

आणि निरोपाची रीतही ठरलेली. जाणाऱ्याच्या तळहातावर चमचाभर दही घालायचं. तो सतारीच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभं राहायचं. तो वळला की मावशी आत यायच्या, पाटावर बसायच्या आणि पोटाशी, छातीच्या पिंजऱ्याखाली जिथं बरगड्या संपतात तिथं, हात दाबून पाच मिनिटं गप्प राहायच्या. भाकऱ्या थापणारी मालन तेवढ्या वेळात त्यांच्याशी बोलायची नाही. दर वर्षी जूनमध्ये नवी पोरं यायची आणि दर वर्षी जुनी जायची, त्यामुळं मालनला हे पाठ झालं होतं.

खाणावळ बंद होऊन अकरा वर्षं झाली. अण्णा जाऊन सहा. आणि दोन हजार बेचाळीसच्या श्रावणात मावशींच्या त्याच जागी, बरगड्या संपतात तिथं, दुखायला लागलं आणि थांबेना.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. काढून टाकण्याची वेळ टळून गेली होती. औषधांनी तो थोडा दबला, दुखणं मात्र दबलं नाही. पाठीतून आरपार कुणी पहार घालावी तसं ते यायचं. मावशी उताण्या झोपू शकत नव्हत्या. गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या आणि मालन पाठ चोळायची.

शिकून गेलेला आणि पुढं मिरजेतच परत येऊन वेदनाशमनाचा दवाखाना चालवणारा डॉक्टर हेमंत गेडाम म्हणजे माळ्यावरच्या चळतीतलं एक ताट. गडचिरोलीहून आलेलं हडकुळं पोरगं, पहिला महिनाभर ताटावर बसून रडलेलं. आता पन्नाशी उलटली होती, पोट सुटलं होतं आणि केस गेले होते. तो घरी आला, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहिला आणि परातीतल्या ज्वारीच्या पिठावर बोटानं आकृती काढायला लागला.

"हे बघा मावशी. हे जठर. त्याच्या मागं शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. आणि त्या वाहिनीला मिठी मारून बसलेलं हे मज्जातंतूंचं जाळं. पोटातल्या सगळ्या खबरी या नाक्यावरून मेंदूकडे जातात. स्वादुपिंड ओरडतं ते इथूनच वर ऐकू जातं."

"पीठ घाण करू नकोस," मालन म्हणाली.

"नवीन पीठ आणून देतो, पण ऐका तर," गेडाम म्हणाला. "आधी आम्ही काय करायचो? पाठीतून लांब सुई घालायची आणि या जाळ्यावर अल्कोहोल सोडायचं. तंतू जळून जायचे. दुखणं थांबायचं, पुष्कळांचं थांबायचं. पण अल्कोहोलला काय कळतंय कुठली खबर दुखण्याची आणि कुठली साधी? नाकाच उडवायचा. शिवाय काही महिन्यांनी तंतू पुन्हा फुटायचे. आता काहून नाका उडवायचा? आता नाक्यावर पहारेकरी बसवतो."

मिरजेत इतकी वर्षं काढून त्याचं 'काहून' गेलं नव्हतं. मावशींना ते ऐकून बरं वाटलं.

पहारेकरी म्हणजे कोळ्याच्या जाळ्याइतकी तलम पट्टी. तोंडातून दुर्बीण जठरापर्यंत न्यायची, जठराच्या भिंतीतून ती पट्टी पलीकडे सरकवायची आणि त्या जाळ्याभोवती गुंडाळायची. पट्टी हजारो तंतूंवरून जाणाऱ्या खबरी ऐकते. त्यातली दुखण्याची खबर ओळखली की बारीकशा विजेनं तेवढीच अडवते, बाकीच्या जाऊ देते. पण प्रत्येक माणसाच्या दुखण्याची खबर वेगळी असते, म्हणून ती पट्टीला आधी शिकवावी लागते. त्यासाठी नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत गोळ्या जवळजवळ बंद, आणि रोग्याच्या गळ्यात गोटीएवढं एक बटण. दुखणं उसळलं की दाबायचं. दाबण्याच्या आधीच्या दीड मिनिटात नाक्यावरून काय काय गेलं ते पट्टी ध्यानात ठेवते. नऊ दिवसांत ती पक्की होते.

"सगळं तुमच्या हातात आहे," गेडाम म्हणाला. "तुम्ही शिकवाल तेच ती शिकणार."

"चाळीस वर्षं पोरांना शिकवलंच की," मावशी म्हणाल्या. "तुला भाकरी मोडायला कुणी शिकवली?"

पट्टी बसली आणि मावशींचं दुखणं कळल्यासारखी पोरं यायला लागली. पोरं म्हणजे साठीला टेकलेले सर्जन, आजोबा झालेले बालरोगतज्ज्ञ. एकानं दुसऱ्याला कळवलं, दुसऱ्यानं चौघांना. त्या नऊ दिवसांत दुपारचं जेवण रोज असायचं आणि संध्याकाळचा चहाही. मालननं माळ्यावरून एकेकाचं ताट उतरवलं, चिंचेनं घासलं. लातूरची डोळ्यांची डॉक्टर आली तर तिचं ताट, जत तालुक्यातला तो जाड्या आला तर त्याचं. आपलं नाव काठावर बघून ती मोठाली माणसं गप्प व्हायची. मग हळूहळू सुटायची. कुणी पेपराच्या आदल्या दिवशी दह्यासाठी पहाटे दार वाजवलेलं आठवायचं, कुणाला गुरुवारची हुग्गी. गव्हाची ती खीर तिथं शिकलेल्या पोरांनी पुन्हा कुठं तशी खाल्ली नव्हती. मावशी टेकून बसायच्या, ऐकायच्या, मध्येच कुणाचा तरी खोटेपणा पकडायच्या. पोटात पहार फिरत असायची. चेहऱ्यावर काही नसायचं.

मग ती माणसं उठायची. मावशी भिंतीला धरून दारापर्यंत जायच्या, दही घालायच्या, उभ्या राहायच्या. पाहुणा सतारीच्या कोपऱ्यावर वळला की त्या उंबऱ्यावर बसायच्या आणि बटण दाबायच्या. एकदा, दोनदा, तीनदा, पोटातलं सगळं निवेपर्यंत.

नवव्या दिवशी गेडाम स्वतः जेवायला आला. त्याच्या ताटात वाढलं गेलं. तो गेला. मावशींनी बटण दाबलं.

दहाव्या दिवशी पट्टी चालू केली, आणि पहार निघून गेली.

ते कसं वाटलं ते मावशींनी मालनला सांगायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. त्या उताण्या झोपल्या, पहिल्यांदाच इतक्या महिन्यांनी. झोपून छताकडे बघत राहिल्या आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. आठवड्यानं मालनच्या हातातलं पीठ काढून घेऊन स्वतः थापायला बसल्या. "अक्का, तुमी बसा की गप," मालन ओरडायची, पण ओरडण्यात जीव नव्हता. तिला आनंदच झाला होता.

स्वरूपा गुवाहाटीला ब्रह्मपुत्रेवरच्या पुलाच्या कामावर होती. आई बरी आहे ऐकून ती दोन-अडीच महिन्यांनी बारा दिवसांसाठी आली. चांगले गेले ते दिवस. आईनं तिला हुग्गी करून घातली, दोघींनी अण्णांचे जुने फोटो लावले. स्वरूपा त्रेचाळीस वर्षांची, पण आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणीच्या गोष्टी काढत बसायची. खाणावळीतली पोरं तिला खांद्यावर घेऊन कशी गणपती बघायला न्यायची, ती कशी सगळ्यांच्या ताटातून एकेक घास खात फिरायची. मावशींना सगळं लख्ख आठवत होतं. त्या सालासकट सांगत होत्या.

तेराव्या दिवशी दुपारच्या गाडीनं स्वरूपा निघाली. कोपऱ्याशी रिक्षा आली, बॅगा गेल्या. मावशी मेथी निवडत होत्या.

"आई, येते गं."

"ये. नीट जा," मावशी म्हणाल्या आणि पुढची काडी हातात घेतली.

स्वरूपा उंबऱ्याशी थांबली. तळहात उगाच अर्धा पुढं आला होता, तो तिनं मागं घेतला. मालननं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मग स्वरूपा रिक्षात बसून गेली.

रात्री गाडीतून फोन आला तिचा. बोलता बोलता म्हणाली, "आई, माझं काही चुकलं का?"

"कशाचं?"

"तू दारात आली नाहीस."

फोन ठेवल्यावर मावशी विचारात पडल्या. खरंच, आपण दारात का गेलो नाही? राग नव्हता. विसरही नव्हता. उठावंसंच वाटलं नव्हतं. उठून करायचं काय, असं वाटलं होतं.

सकाळी त्यांनी मालनला माळ्यावर चढवलं आणि अण्णांचं ताट काढायला लावलं. त्या ताटाचा काठ एका बाजूला चेपलेला होता. एका दिवाळीत भांडणात मावशींनीच ते आपटलं होतं, आणि नंतर अण्णा मुद्दाम चेपलेली बाजू त्यांच्याकडे करून जेवायचे. एरवी ते ताट दिसलं की मावशींना आत काहीतरी पिळून यायचं, म्हणून तर ते सगळ्यात खाली ठेवलं होतं. आज त्यांनी ते मांडीवर घेतलं. काठावरून बोट फिरवलं. अण्णा आठवले, दिवाळी आठवली, आपटल्याचा आवाजसुद्धा आठवला. आत काहीच हललं नाही. मावशी वाट बघत बसल्या. ओळखीच्या घरी जाऊन दार वाजवावं आणि आतून कुणी येऊच नये, तसं झालं होतं.

"मालन," त्या म्हणाल्या, "गेडामला बोलाव. माझं काहीतरी गेलंय."

गेडामनं स्वयंपाकघरात बसून पट्टीची सगळी नोंद पडद्यावर मांडली. नऊ दिवसांचे बटण दाबल्याचे काळे ठिपके.

"मावशी, काही ठिपके पहाटेचे आहेत, एकेकटे. ते समजलं. पण हे बघा, रोज दुपारी पावणेदोनच्या सुमाराला झुबका. रोज संध्याकाळी सहाला झुबका. मध्ये तास तास एकही नाही. त्या वेळात तुम्हाला दुखत नव्हतं?"

"दुखत होतं की."

"मग बटण का नाही दाबलं?"

उत्तर मालननं दिलं. "पावनी बसली हुती न्हवं घरात. त्यांच्यासमूर कसं दाबणार? ती कोपऱ्यावर वळली की मग दाबायच्या."

गेडामनं शेवटच्या दिवसाचा झुबका बोटानं दाखवला. "हा मी आलो होतो तेव्हाचा. माझ्यासमोरसुद्धा नाही? मावशी, मी तुमचा डॉक्टर आहे."

"डॉक्टर दवाखान्यात. जेवायला आलास म्हणजे पाहुणा."

गेडाम आधी हसला. मग त्यानं चष्मा काढला आणि डोळे पुसले, आणि ते लपवायला पडद्याकडे तोंड केलं. थोड्या वेळानं त्यानं समजावून सांगितलं.

माणूस जातो तेव्हा वाईट आधी मेंदूला वाटतं. मेंदू ती खबर खाली धाडतो आणि पोट आवळतं. आवळलेलं पोट उलट खबर वर पाठवतं, त्याच नाक्यावरून. ती वर पोचते तेव्हा कुठं माणसाला आपलं दुःख अंगात उतरल्यासारखं वाटतं. नुसतं डोक्यातलं दुःख म्हणजे नुसती माहिती. मावशींचं पोट तर सदतीस वर्षं निरोप देऊन देऊन या कामात तरबेज झालेलं. पाहुणा वळणाआड गेला की तिथून एक खबर हमखास उठायची, आणि नेमकं तेव्हाच मावशी बटण दाबायच्या. पट्टीला वाटलं हेही दुखणंच. ती दोन्ही अडवायला शिकली.

"यंत्र चुकलं नाही," गेडाम म्हणाला. "तुम्ही शिकवलंत तेच शिकलं."

"मग पुन्हा शिकवू."

पट्टीचं शिकलेलं पुसता येत होतं. पण पुसायचं म्हणजे पुन्हा नऊ दिवस पहारा उठवायचा. मधल्या तीन महिन्यांत गाठ वाढली होती, म्हणजे दुखणं आधीच्या दुप्पट असणार. शिवाय गाठ आता त्या तंतूंपर्यंत पोचली होती, त्यामुळं पट्टी पुन्हा तेवढं चांगलं शिकेलच याचा भरवसा नव्हता. कदाचित थोडं दुखणं कायमचं मागं राहील.

"मावशी, मी डॉक्टर म्हणून सांगतो. राहू द्या. तुम्हाला उताणं झोपता येतंय."

"किती दिवस आहेत माझ्याकडं? खरं सांग. मला माझ्या स्वयंपाकघरात खोटं चालत नाही, तुला ठाऊक आहे."

"फाल्गुनापर्यंत," गेडाम हळूच म्हणाला.

मावशींनी समोर निवडून पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करून सुपात टाकल्या. "माझी पोर हात पुढं करून दारात उभी राहिली आणि मी मेथी निवडत बसले. हे घेऊन ती जन्मभर फिरेल. तिला एकदा नीट वाटेला लावायचंय मला. तेवढ्यासाठी नऊ दिवस काही जास्त नाहीत."

"मग एक अट आहे," गेडाम म्हणाला. "दुखलं की तिथल्या तिथं दाबायचं, समोर कुणीही असो. आणि माणूस निघाला की बटणाला हात लावायचा नाही, कितीही दुखलं तरी."

"दुसरं जमेल," मावशी म्हणाल्या. "पहिलं अवघड आहे."

हे त्या खरंच सांगत होत्या. दुखण्याची भीती त्यांना होतीच, पण चारचौघांसमोर पोट धरायचं या कल्पनेनं त्यांना जास्त लाज वाटत होती. सगळी पंगत बघतेय आणि आपण वाकडं तोंड करून बसलोय, हे चित्रच त्यांना सहन होत नव्हतं.

स्वरूपा पुन्हा रजा काढून परत आली. गेडामनं पोरांना पुन्हा बोलावलं, या वेळी कारण सांगून. मालननं निरोपाच्या वेळेपुरती एक युक्ती काढली. पाहुणा उठला की ती मावशींच्या गळ्यातलं बटण काढून घ्यायची आणि पदराच्या गाठीत बांधायची. तो वळणाआड जाऊन मावशी आत येऊन शांत झाल्या की मग गाठ सोडायची.

पहिल्या दिवशी पंगतीत मावशींनी एकदाही दाबलं नाही. दात ओठात रुतले होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि त्या लातूरच्या डॉक्टरीण बाईला विचारत होत्या, "आमटी तिखट झाली का गं?" गेडामनं संध्याकाळी पंगतीच्या वेळेची कोरी नोंद बघून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सहा जण जेवायला होते. मावशी हट्टानं उभं राहून हुग्गी वाढत होत्या. जत तालुक्यातल्या त्या जाड्याच्या ताटापाशी त्या वाकल्या आणि पहार आरपार गेली. डाव हातातून सुटून ताटात पडला. मावशींच्या तोंडून आवाज निघाला. त्यांच्या घरात तसला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. पंगत थिजली. स्वरूपा स्वयंपाकघरातून धावत आली आणि आईला असं वाकलेलं बघून तिथंच उभी राहिली. चौऱ्याऐंशी किलोचा तो मोठा सर्जन डोळ्यांत पाणी आणून हुग्गीकडे बघत राहिला.

"दाबा की!" मालन ओरडली. "काय बघताय? दाबा!"

मावशींनी दाबलं. मग तिथंच पंगतीच्या मधोमध खाली बसल्या आणि कण्हल्या, मोठ्यानं, पोटभर. स्वरूपानं त्यांना मागून धरलं. लाज सुरुवातीचा क्षणभर वाटली. मग काही वाटेना. सगळी पोरं ताटं सोडून भोवती आली होती, कुणी पाठ चोळत होतं, कुणी पाणी आणत होतं. पंगतीतून उष्ट्या हातानं उठणं या घरात पाप होतं, आणि सगळी उष्ट्या हातानं उठली होती. मावशींनी ते बघितलं आणि त्यांना रागवायला सुचलं नाही.

बाकीचे दिवस फार वाईट गेले, ते इथं सांगत बसण्यात अर्थ नाही. स्वरूपानं ते सगळे बघितले. एकदा आईचे केस विंचरताना ती म्हणाली, "माझ्या वेळी कळा येत असताना तू ताक वाढत होतीस ना? अण्णा सांगायचे."

"हो."

"खूप दुखत होतं?"

"खूप दुखत होतं गं," मावशी म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं.

दहाव्या दिवशी पट्टी पुन्हा चालू झाली. गेडामनं भीती घातली होती तसंच झालं. पहार गेली, पण तिच्या जागी एक बारीक ठणका राहिला, न थांबणारा. आता मावशींना उताणं झोपता येणार नव्हतं. कुशीवर येत होतं.

"आणखी थोडं शिकवून बघू?" गेडामनं विचारलं.

"राहू दे," मावशी म्हणाल्या. "सांभाळून घेईन."

स्वरूपा निघायचा दिवस आला. पुन्हा तीच दुपारची गाडी, पुन्हा रिक्षा. गेडाम मुद्दाम आला होता, तपासणीचं निमित्त करून. मावशींनी दह्याची वाटी सकाळीच काढून ठेवली होती. त्यांना धास्ती वाटत होती. एवढं सगळं करून आत काही हललंच नाही तर?

स्वरूपा वाकून पाया पडली. मावशींनी वाटीतलं दही चमच्यानं तिच्या तळहातावर घातलं. स्वरूपानं ते खाल्लं, लहानपणी चाटायची तसा हात चाटला. "येते गं आई." बॅग उचलली. गल्ली अरुंद म्हणून रिक्षा कोपऱ्याशी उभी होती, तिथपर्यंत ती चालत निघाली. मालननं बटण कधीच पदरात बांधून टाकलं होतं.

मावशी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. स्वरूपाची पाठ लहान लहान होत गेली. तीस पावलं, चाळीस. काही नाही. पन्नास. सतारीच्या दुकानाबाहेर वाळत ठेवलेल्या भोपळ्यांपाशी ती पोचली, आणि वळता वळता पदपथावरच्या भोपळ्याला बॅग लागू नये म्हणून तिनं ती उचलून दुसऱ्या हातात घेतली. अगदी अण्णांसारखी; तेही तिथून जाताना पिशवी असाच हात बदलून घ्यायचे. तेवढ्यानं मावशींच्या पोटात, बरगड्या संपतात तिथं, ते जुनं ओळखीचं पिळून आलं. एकदम आलं आणि सगळं एकदम आलं. अण्णा आले, माळ्यावरची सगळी ताटं आली, सदतीस जून आले. मावशी खाली बसल्या आणि त्यांनी मोठ्यानं हंबरडा फोडला. गल्लीभर ऐकू गेला तो. सतारवाल्यानं तारा लावणं थांबवलं.

कोपऱ्याआड गेलेली स्वरूपा बॅग तिथंच टाकून धावत परत आली.

"आई! दुखतंय? मालनमावशी, बटण कुठंय? डॉक्टर, बटण द्या ना तिला!"

मालननं पदराची गाठ मुठीत घट्ट धरली आणि गेडामकडे बघितलं. गेडाम हलला नाही.

मावशींनी लेकीचा हात धरला. त्या रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या, आणि दोन्ही उघड्या दारात, शेजारपाजारचे बघत असताना.

"दुखत नाही गं," त्या म्हणाल्या. "तू चाललीस म्हणून."

आयुष्यात त्यांनी शेकडो माणसांना निरोप दिला होता आणि हे वाक्य त्यातल्या एकालाही म्हटलं नव्हतं. गेडामला आठवलं, तोही एकदा असाच या दारातून निघाला होता, पेटी खांद्यावर घेऊन. आपण कोपऱ्यावर वळल्यावर मावशी लगेच कामाला लागल्या असतील, असं त्यानं तीस वर्षं धरलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

स्वरूपा उंबऱ्यावर आईजवळ बसली. रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. मग स्टेशनच्या बाजूनं गाडीची शिटी ऐकू आली.

"गेली वाटतं तुझी गाडी," मावशी नाक पुसत म्हणाल्या.

"जाऊ दे. संध्याकाळी दुसरी आहे."

मालन उठली, कोपऱ्यावर जाऊन स्वरूपाची बॅग घेऊन आली आणि आत जाऊन तवा ठेवला. गेडामचं ताट तिनं सकाळीच माळ्यावरून उतरवून ठेवलं होतं. स्वरूपाला काही ताट नव्हतं, घरची म्हणून. तिला अण्णांचं वाढलं. जेवायला बसल्यावर चेपलेली बाजू तिनं न सांगताच आईकडं केली.